सुरकुतलेलं बॉनेट

बालदोस्तांनो,

या आठवड्यात बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीहून सातवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलंय. तो लिहितो, ‘काका, मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची गाडी करतोय. दारं झाली, टप झाला. चपलेच्या रबराची चाकं छान पळतात. पण बॉनेटला गोल फुगवटा येतच नाही. हातोडी मारली की पत्रा सुरकुततो नाहीतर फाटतो. दोन पत्रे वाया गेले. आई म्हणते, विकतची आणू. मी नाद सोडून देऊ का?’

थांब, इतक्यात सोडू नकोस! आधी पत्रा सुरकुततो का ते बघू. तुम्हीही करून बघा.

वर्तमानपत्राचा कागद डब्याभोवती गुंडाळा. झकास बसतो. आता तोच चेंडूवर बसवा. चुण्या पडल्या ना? कागद वाकतो, पण ताणला जात नाही. आता आईकडून लाटलेली कच्ची पोळी घ्या आणि पालथ्या वाटीवर हलकेच दाबा. ती ताणून वाटीचा आकार घेते. पत्रा या दोघांच्या मधला. दार म्हणजे नुसतं वाकवणं, म्हणून ते जमलं. बॉनेटला मात्र मधला पत्रा ताणावा लागतो, आणि तो पोळीसारखा एका दाबात ताणत नाही. शेकडो हलक्या ठोक्यांनी थोडा थोडा सरकतो. त्यात डब्याचा पत्रा पातळ आणि कडक, म्हणून फाटला.

तेव्हा भंगारवाल्याकडून अर्धा मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा मऊ पत्रा आण. कापायचं काम मोठ्या माणसाकडे. कडा कानशीने घासून घे, हातात जाड मोजे घाल. जुन्या कापडी पिशवीत बारीक वाळू भरून तोंड घट्ट बांध. मोडक्या बॅटच्या मुठीचं टोक घासून गोल केलंस की झाली हातोडी!

पत्रा पिशवीवर उलटा ठेव, म्हणजे आतली बाजू वर. मधून सुरुवात कर आणि ठोक्याला ठोका लागून गोल गोल बाहेर ये. मधला पत्रा ताणून पातळ होतो, कडेला चुण्या येऊ लागतात. चुणी दिसली की लगेच लाकडाने हळूच दाबून बसव. ती दुमडू दिलीस, तर तिथेच चीर जाते. आणखी एक, अ‍ॅल्युमिनियम तापवायच्या भानगडीत पडू नकोस. ते लाल दिसायच्या आधीच वितळतं!

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हेच काम तांब्यावर चालत आलंय. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग ते लालसर तापवून पुन्हा मऊ करतात. शेवटी जवळजवळ ठोके देऊन भांडं मठारतात. भांड्यावरचे ते चकाकणारे ठिपके म्हणजे हातोडीच्या खुणाच.

आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार माहीत आहेत? त्यांनी भंगारातल्या सामानातून मुलासाठी खरीखुरी छोटी चारचाकी बनवली. खर्च साधारण साठ हजार रुपये, आणि मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी! 2021 च्या डिसेंबरात ती उद्योगपती आनंद महिंद्रांच्या नजरेत भरली. रस्त्याच्या नियमांत ती बसत नव्हती, तरी कसब त्यांना भावलं. जानेवारी 2022 मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.

तुला बोलेरो मिळेल असं काही मी सांगत नाही हं! पण धर्मापुरीचं केदारेश्वराचं देऊळ तू रोज बघतोस. चालुक्यकाळातल्या त्या मूर्ती दगड काढत काढत घडल्या. तिथे छिन्नी चुकली आणि नाकाचा टवका उडाला, की तो परत बसत नाही. पत्र्याचं तसं नाही. पत्रा आपण काढत नाही, सरकवतो. खड्डा पडला तर खालून हलकेच ठोकून वर आणता येतो. गॅरेजमधला डेंटिंगवाला दुसरं काय करतो? फाटलेला पत्रा गेला, पण सुरकुतलेला अजून गेलेला नाही. तो टाकून दिला नसशील, तर चुणी दाबायची सवय आधी त्याच्यावरच कर.

आईबाबांना एक विनंती. पत्रा कापताना जवळ बसा, पण हातोडी त्याच्याच हातात राहू द्या. ठोक्यांचा आवाज दोन दुपार सोसा. विकतची गाडी गुळगुळीत असेल, पण बॉनेट का सुरकुततं ते ती कधी सांगणार नाही.

तर दोस्ता, तिसरा पत्रा घे. बॉनेट जमलं की कळव. आणि नाही जमलं, तर नेमकं कुठे सुरकुतलं ते चित्र काढून पाठव. मला तेही हवंय.

तुमचा,
काका