पाण्याच्या हिशेबात कणकुंबी कुठे आहे?

बेळगावाहून चोर्ल्यामार्गे गोव्याला निघालेली गाडी जांबोटी मागे टाकते तशी झाडी दाट होत जाते. आणखी सोळा किलोमीटरवर कणकुंबी लागते. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत; थांबल्याच तर चहापुरत्या. बेळगावच्या खासबाग, शहापूर, वडगावातली माणसे पावसाळी रविवारी चोर्ल्याचे धुके बघायला याच गावातून पुढे जातात. माऊलीच्या देवळाजवळच्या दगडी कुंडाकडे त्यांतल्या थोड्यांचीच पावले वळतात. मलप्रभा तिथे उगम पावते.

खानापूर तालुक्यातले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटरवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर वसले आहे. त्यामुळे इथल्या पावसाला दोन वाटा फुटतात. गावाच्या पूर्वेला पडलेले पाणी मलप्रभेत जाते, खानापूर, सौंदत्ती, पट्टदकल करत सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करून कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. पश्चिमेचे पाणी कळसा नाल्याला लागते, म्हादईत उतरते, तिचीच पुढे मांडवी होते आणि पणजीजवळ ते अरबी समुद्राला मिळते. एकाच सरीचे पाणी एकमेकांपासून इतके दूर नेणारी गावे सह्याद्रीच्या धारेवर आणखीही असतील. पण दोन राज्यांनी ज्याच्यावरून न्यायालये गाठली, असे हेच.

पाऊसही साधासुधा नाही. कणकुंबीच्या शेजारच्या आमगावात २०१० साली दहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला आणि कर्नाटकात पावसासाठी नावाजलेले आगुंबे त्या वर्षी मागे पडले. खाली सौंदत्तीला वर्षभरात मिळून सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. जून ते सप्टेंबर या भागातले जगणे पूर्ण वेगळे असते. सरपण मेअखेरच सोप्यात रचून ठेवायचे, तांदूळ-मीठ-तेल भरून ठेवायचे, भाताच्या खाचरात उतरायचे आणि झडीत दिवसेंदिवस कपडे चुलीवर वाळवायचे. ओढे चढले की पलीकडच्या वाडीचा संबंध तुटतो.

इतिहासही सीमेचाच आहे. कदंबांची एक राजधानी हलशी याच तालुक्यात. भीमगडचा किल्ला गोव्याच्या पोर्तुगीज हद्दीवर नजर ठेवून उभा. १९६१ पर्यंत चोर्ल्याच्या खाली परक्यांचे राज्य होते. वर मुंबई राज्य होते, ते १९५६ च्या १ नोव्हेंबरला म्हैसूर झाले. मराठी बोलणारा हा डोंगराळ मुलूख तेव्हापासून वादात आहे. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानेदेखील खानापूर, नंदगड आणि निपाणी महाराष्ट्राला द्यावे असे सुचवले होते. तेही झाले नाही, आणि २००४ पासून सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढ्या सगळ्या हद्दी अंगावरून गेल्या तरी माऊलीची बारा वर्षांनी भरणारी यात्रा चुकली नाही. तिला घाटाखालचे गोमंतकीयही येतात आणि घाटावरचेही.

२००६ च्या सप्टेंबरात कणकुंबीत एका वेगळ्याच कामाची पायाभरणी झाली. कळसा नाल्याचे पाणी पश्चिमेकडून वळवून मलप्रभेत सोडायचे, म्हणजे हुबळी-धारवाड आणि आसपासच्या भागाला प्यायला पाणी मिळेल, अशी ही योजना. भांडुरा नाल्याची जोड धरून तिला कळसा-भांडुरा म्हणतात. देवळाच्या परिसरातून तांबड्या मातीत खोल चर खणला गेला. गोव्याने हरकत घेतली. म्हादई जलतंटा लवाद नोव्हेंबर २०१० मध्ये नेमला गेला, २०१४ च्या अंतरिम आदेशाने पाणी वळवण्यास मनाई झाली, आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा आला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, त्यांतले मलप्रभेत वळवण्यासाठी ३.९, म्हणजे कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३.

१.७२ टीएमसी म्हणजे किती? एक टीएमसी सुमारे २,८३० कोटी लिटर. या माथ्यावर वर्षाला पाच मीटर पाऊस धरला, तर दहा चौरस किलोमीटर रानावर जेवढे पाणी पडते जवळपास तेवढे. आकडा लहान वाटतो. पण पाणी अडवायचे ते पावसाळ्यात धो धो वाहणाऱ्या नाल्याचे, आणि त्याच नाल्याच्या काठच्या माणसांना एप्रिल-मे काढायचे असतात. डोंगरमाथ्यावर पाऊस टिकत नाही, तो उतारावरून निघून जातो. त्याला थोपवते ते रान.

हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही. नवलगुंद-नरगुंदच्या शेतकऱ्यांनी २०१५ पासून या पाण्यासाठी चालवलेले आंदोलनही खोटे नाही. पण कळशाकडे हात का पसरावा लागला, हेही स्वच्छ सांगायला हवे. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणाची क्षमता ३७.७३ टीएमसी आहे, आणि ते कितीतरी वर्षे पुरते भरलेच नाही. मलप्रभेच्या खोऱ्यात ऊस वाढला, उपसा वाढला, उगमाकडचे रान विरळ झाले. नदीच्या स्वतःच्या खोऱ्यात जे वाया जाते आणि जे अति वापरले जाते, त्याचा हिशेब न करता शेजारच्या खोऱ्यातून पाणी आणणे हा सोपा मार्ग वाटला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तीच मलप्रभा दुथडी भरून पट्टदकलच्या देवळांत शिरली. टंचाई आणि पूर, दोन्हींची सुरुवात याच माथ्यावर होते.

या सगळ्या वादात कणकुंबीचे, आमगावचे, चिखल्याचे, पारवाडचे माणूस कुठेच नाही. लवादापुढे बाजू मांडली ती राज्यांनी. निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी २०२३ मध्ये केंद्राने ‘प्रवाह’ हे प्राधिकरण मंजूर केले. त्यावर केंद्राचे आणि तिन्ही राज्यांचे अधिकारी आहेत. ज्या गावांच्या शिवारातून पाणी उचलले जाणार, त्यांच्यासाठी एकही खुर्ची नाही. जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाचे पथक तिन्ही राज्यांत पाहणी करत कणकुंबीलाही येऊन गेले. त्याच महिन्यात आमगावातल्या एका आजारी बाईला लाकडाच्या डोलीवर घालून, भर पावसात, जंगलातून चिखल्यापर्यंत चालत आणावे लागले, कारण ओढ्यावर पूल नाही आणि गावापर्यंत रुग्णवाहिका जाईल असा रस्ता नाही. त्या डोलीची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली.

आमगाव भीमगड अभयारण्यात येते. २०११ मध्ये जाहीर झालेल्या या १९० चौरस किलोमीटरच्या रानाचे मोल मोठेच आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतले रॉटनचे वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्राला माहीत झाले आणि पुढे कित्येक दशके ते जगात फक्त तिथलेच मानले जात होते. चोर्ल्याच्या परिसरातून २००७ साली पाय नसलेल्या, मातीत राहणाऱ्या एका नव्या उभयचराची नोंद झाली. त्याला नावही म्हादईचेच दिले गेले. असे रान राखलेच पाहिजे. पण राखण्याचा भार कोण उचलते? गावाला पूल हवा तर वनखात्याचे नियम आडवे येतात, आणि त्याच पट्ट्यातून पाणी न्यायचे असेल तर राज्य सरकार सुधारित आराखडा करते, उघड्या कालव्याऐवजी जमिनीखालची नळवाहिनी सुचवते आणि परवानग्यांसाठी दिल्लीच्या खेपा घालते. तेवढा खटाटोप आमगावच्या साकवासाठी का होत नाही? तळेवाडीच्या कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख रुपये देऊन रानाबाहेर वसवण्याचा मार्ग २०२५ मध्ये सरकारने काढला. ज्यांना जायचे आहे त्यांना तो मोकळा असावा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या खाचरांजवळ, गुरांजवळ राहायचे आहे, त्यांची डोली हा त्यांनी निवडलेला त्रास मानता येणार नाही.

बेळगाव शहराने या गावांकडे पाहिले ते सहलीसाठी किंवा सीमाप्रश्नाच्या मोर्च्यात मोजदाद करण्यासाठी. शहर राकसकोपचे आणि हिडकलचे पाणी पिते, मलप्रभेचे नाही, म्हणून कदाचित उगमाची चिंता इथे शिरली नसेल. मराठी म्हणून ही गावे आपली मानायची, तर पावसाळ्यात तिथे एसटी का पोहोचत नाही, मराठी शाळेत किती शिक्षक उरलेत, कणकुंबीच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो का, हे विचारणेही आपलेच काम आहे. राजकीय पक्ष कुठलाही असो, खानापूरच्या आमदाराला या तीन प्रश्नांची उत्तरे दर पावसाळ्यापूर्वी द्यावी लागली पाहिजेत.

मागण्या अवघड नाहीत. कळसा-भांडुऱ्यावर जो खर्च होईल त्यातला ठरावीक भाग उगमाकडच्या गावांच्या रस्त्यांवर, साकवांवर, विहिरींवर आणि दवाखान्यांवर खर्च करण्याची अट परवानगीतच घातली जावी. प्रकल्पाचे कागद मराठीतही मिळावेत; इथल्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीखालून काय जाणार हे कुणाकडून तरी वाचून घ्यायचे, हे योग्य नाही. विहिरींची पातळी काम सुरू होण्याआधी मोजून ग्रामपंचायतीत नोंदवून ठेवावी, म्हणजे नंतर वाद राहणार नाही. आणि ‘प्रवाह’चे पथक पुन्हा कणकुंबीला येईल, तेव्हा पंधरा दिवस आधी दवंडी देऊन माऊलीच्या देवळासमोर ग्रामसभा बोलवावी, आमगाव आणि चिखल्याच्या लोकांना आणायला गाडी पाठवावी, आणि त्यांचे म्हणणे अहवालात त्यांच्या सह्यांनिशी जोडावे.