व्रत आणि डोळ्यांचे औषध

आज घटस्थापना. वर्धा जिल्ह्यातील घरोघरी आता नऊ दिवस अखंड दीप तेवेल आणि घरातील वडीलधारी मंडळी उपवास धरतील. त्यांत काचबिंदूचे रुग्ण असतात आणि डोळ्यांत घातलेल्या थेंबाची कडू चव घशाशी आली की काही माउलींना व्रतभंगाची शंका येते. मग औषधाची बाटली नऊ दिवस फळीवर राहते.

हाच प्रश्न आपल्या मुसलमान शेजाऱ्यांपुढेही आहे. 2022 साली 2 एप्रिलला गुढीपाडवा झाला आणि दुसऱ्याच दिवशी रोजे सुरू झाले. वैदर्भीय उन्हात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही वर्ज्य! अशा उपवासाचा डोळ्यांवरील परिणाम अनेक देशांतील नेत्रतज्ज्ञांनी तपासला आहे. निरोगी डोळ्यातील दाबात फारसा फरक पडत नाही. अश्रू कमी होऊन डोळे कोरडे वाटू शकतात, इतकेच. खरा धोका औषध थांबविण्यात आहे. काचबिंदूत वाढलेला दाब डोळ्यामागील नस बहुधा वेदनेवाचून निकामी करतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंबांचा गुण मात्र साधारण बारा ते चोवीस तासच टिकतो.

जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 साली निर्णय दिला, की घशाशी आलेले गिळले नाही तर डोळ्यांतील थेंबांनी रोजा मोडत नाही. 'कुराणसार' सिद्ध करणारे विनोबा याच जिल्ह्यातील पवनारचे. तेव्हा शेजाऱ्याचे शहाणपण ऐकण्यात आपल्याला संकोच कसला? शिवाय आपल्या विदुरनीतीत व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, मूळ, फळ व दूध यांच्या जोडीने औषधही आहे.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा. औषध घशात फारसे उतरत नाही व गुणही अधिक येतो. काचबिंदू असणाऱ्यांनी उपवास सोडताना तांब्याभर पाणी एका दमात पिऊ नये, त्याने डोळ्यातील दाब काही काळ वाढतो. मधुमेहींनी गोळ्या वा इन्सुलिनची मात्रा आपल्या मनाने बदलू नये. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आजच विचारून घ्यावे.