खिडकीशी बसलेला विचारवंत

सुट्टीवरून परतलेल्या घरात दोन गोष्टी हमखास निघतात. एक मळलेल्या कपड्यांचे बोचके आणि दुसरी, धाकट्याने प्रवासात काय काय तारे तोडले त्याची कहाणी. पाहुणे आले की ती तिखटमीठ लावून नव्याने सांगितली जाते. जिची कहाणी किंवा ज्याची कहाणी ते पोर तिथेच बसलेले असते. सगळे का हसताहेत हे त्याला कळत नाही, कारण ते विनोद करायला गेलेलेच नसते. त्याने आपल्या परीने विचार केलेला असतो.

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. बोरघाटातला चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका खडा आहे आणि आगगाडीच्या हिशेबात तो फारच झाला. अशाच एका प्रवासात साडेचार वर्षांच्या मुलीने विचारले, ‘‘बाबा, मागे इंजिन कशाला?’’ वडील म्हणाले, ‘‘घाट चढायला.’’ मुलीने समोर बसलेल्या आजीकडे एकवार पाहिले आणि खणखणीत आवाजात सांगितले, ‘‘म्हणजे आजीला मी जिन्यावर मागून ढकलते तसं!’’

डबाभर हशा पिकला. आजीही पदर तोंडाला लावून हसली. पण पोरीचे चुकले कुठे? पुढच्याने ओढायचे, मागच्याने ढकलायचे, म्हणजे पुढच्यावरचा भार हलका होतो आणि डब्यांच्या जोडांवर ताणही कमी येतो. ते इंजिन हेच काम करते. कोणी न शिकवता तिने घरातल्या जिन्यावरून घाट ओळखला. तिला हवा होता एक साधा होकार. ‘‘बरोबर, अगदी तसंच,’’ एवढे कोणी म्हणाले असते तर हसायला नंतर सगळा घाट मोकळा होता.

रात्रीच्या एसटीत चंद्राचा प्रश्न ठरलेला. ‘‘तो आपल्याबरोबर येतोय, मग त्याचं तिकीट कोणी काढलं?’’ चंद्र आपल्या मागे मागे येतो असे मुलांना वाटते, याची नोंद स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२६ सालच्या पुस्तकात केली आहे. तेव्हा हा वेडेपणा एकट्या आपल्या बंड्याचा नाही. रशियन बालसाहित्यिक कोर्नेई चुकोव्हस्की यांनी तर मुलांचे असे बोल वर्षानुवर्षे टिपून ठेवले. त्यांतून जे पुस्तक झाले त्याचे नावच ‘दोन ते पाच’. मुलांच्या बोलण्यात त्यांना नुसती गंमत दिसली नाही, भाषा आणि जग यांच्याशी चाललेली झटापट दिसली.

आणि चंद्राचे उत्तर काही अवघड नाही. रस्त्याकडेचे झाड झर्रकन मागे जाते, लांबचा डोंगर सावकाश जातो, हे पोराला खिडकीतून दाखवावे. चंद्र तर सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर. आपण दहा-वीस किलोमीटर पुढे गेलो तरी त्याची जागा हललेली दिसत नाही, म्हणून तो बरोबर आल्यासारखा वाटतो. ‘चांदोबा तुला पोचवायला आलाय’ असेही खुशाल सांगा, ते गोडच आहे. पण विचारणाऱ्याने डोंगर पाहिलेला असू द्या.

कोकण रेल्वेवर तर प्रश्नांची चंगळ. नव्वदच्या आसपास बोगदे. त्यांतला रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. ‘‘आई, इतक्या रात्री झाल्या, मग सुट्टी संपली का गं?’’ हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा रडवेला होता. त्यालाही सगळे हसलेच.

हल्ली मात्र तो रडवेला चेहराही दुर्मीळ झाला आहे. गाडी सुटण्याआधीच पोराच्या हातात मोबाइल जातो. घाट येतो, बोगदे येतात, मान वर होत नाही. पालकांची दमणूक समजते. बारा तास एका बाकावर तीन वर्षांचे मूल सांभाळणे म्हणजे खायचे काम नाही. तरीही खिडकीजवळची जागा भांडून मिळवायची आणि तिच्याकडे पाठ करून बसायचे, हे पटत नाही.

राहता राहिला टीसी. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला वेगळा बर्थ घेतला नाही तर रेल्वेत तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाला, बर्थ न घेतल्यास, अर्धे लागते. त्यामुळे सहा वर्षांची पुष्कळ मुले फलाटावर पाऊल ठेवताच चार वर्षांची होतात. अशाच एकाचे वय आईने टीसीला चार सांगितले. मुलाने शांतपणे ऐकून घेतले. रेल्वेचा असाच काही नियम असावा असे त्याला वाटले. टीसीसमोरच त्याने विचारले, ‘‘आई, मग उतरल्यावर मी परत सहा वर्षांचा होणार ना?’’

टीसीही हसला. आईने मात्र पोराच्या दंडाला चिमटा काढला. तो कशासाठी, हे त्याला घरी गेल्यावरही कोणी सांगितले नसणार.