घरची बोली

हातकणंगल्यात बाहेरगावची सून आली की पहिले काही दिवस बुचकळ्यात पडते. शेजारची मुलगी दारातूनच सांगते, "वहिनी, मी बाजारला जातो." जाते नव्हे, जातो! आमच्या कोल्हापूरकडच्या बायकांची ही जुनी रीत. पुण्याचे पाहुणे हसतात; आम्हाला त्यात वावगे काही वाटत नाही.

गावच्या अशा बोलण्याला न हसता ते शिकायला बसलेल्या एक बाई म्हणजे डॉ. मॅक्सीन बर्नसन. त्या मूळच्या अमेरिकेच्या. १९६१ साली हैदराबादला शिकवायला आल्या आणि पुढे सातारा जिल्ह्यातल्या फलटणला. फलटणची माणसे कशी बोलतात, एकाच गावात बोली कशी बदलते, हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय. अभ्यास संपला, पण गाव सुटले नाही. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी केली. मूल घरून जी बोली आणते तिला नावे न ठेवता तिथूनच त्याला लिहिण्या-वाचण्याकडे न्यायचे, हा त्यांचा आग्रह.

हे सगळे आठवण्याचे कारण आमच्याच घरात घडले. शाळेत आजी-आजोबांचा कार्यक्रम होता. नातू आजीला हळूच म्हणाला, "दादी, तुम्ही या, पण तिथं बोलू नका." दादी दखनी बोलते. वर्गात कुणीतरी त्याच्या 'नक्को'ला हसले होते. दादी काही बोलली नाही. ती गेलीच नाही.

त्या रात्री आम्ही नातवाला जवळ बसवले. म्हटले, तुझा 'नक्को' मराठीतल्या 'नको'चाच भाऊ. आणि तुझे दप्तर, शाई, हजेरी हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. वहीवर तू पत्ता लिहितोस ना, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर? त्यातला तालुकाही तिकडचा, जिल्हाही तिकडचाच. मग पाहुणा कोण आणि घरचा कोण?

सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. निशाणीची लाज कशी वाटावी?

मुलांना प्रमाण मराठी चांगली यायलाच हवी. परीक्षा, नोकरी, कोर्टकचेरी तिच्यातच आहे. पण त्यासाठी दादीला गप्प बसवावे लागत नाही. परक्या देशातून आलेल्या बाईंनी आपल्या लोकांची बोली जिवापाड जपली. आपल्याच चुलीपुढची बोली आपण टाकून द्यायची का?

आता रोज रात्री दादी गोष्ट सांगते, दखनीत. नातू ती मराठीत वहीत उतरवतो. एखाद्या शब्दाला अडला की विचारतो, "दादी, ह्याला मराठीत काय?" दादी विचार करते आणि म्हणते, "हेच की रे!"