वेष अंगासाठी, अंग वेषासाठी नव्हे

स्नेहसंमेलन जवळ आले म्हणजे घरोघरी पहिला प्रश्न ऐकू येतो तो हा, की पोशाखाचे भाडे किती? नाच बसला की नाही, ही चौकशी मागाहून होते. हा क्रमच उलटा आहे, असे आमचे नम्र मत आहे.

नृत्याचा वेष शोभेसाठी असतो खरा. परंतु त्याचे पहिले कर्तव्य नर्तकाच्या हालचालीस वाट करून देणे हे होय. पाश्चात्यांच्या बॅले नामक नृत्यनाट्याचा इतिहास हेच सांगतो. अठराव्या शतकात पॅरिस येथे मारी कामार्गो या नर्तकीने, पावलांची चपळाई प्रेक्षकांस दिसावी म्हणून, पायघोळ झगा घोट्याच्या वर घेतला. १८३२ साली मारी ताल्योनी तलम, शुभ्र, घंटाकृती घागरा नेसून 'ला सिल्फीद' मध्ये अवतरली. पुढे तोच घागरा आखूड होत होत जाळीच्या अनेक थरांचा 'टूटू' झाला. चोळीच्या काखेत चौबगला घालतात तोही याच हेतूने. हात वर गेला तरी चोळी वर सरकत नाही.

आपल्या मुंबईतही असे उदाहरण घडले आहे. १९५२ साली शांती बर्धन यांनी येथे 'लिटल बॅले ट्रूप' ही संस्था स्थापन केली. तिच्या रामायणात जिवंत नट कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे चालत. म्हणून मुखवटे व वेषही त्याच धाटणीचे योजिले होते.

नवी मुंबईतील एका वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. ही विद्या जरीच्या झग्यात शिकत नाहीत. शिकाऊ नर्तकाचा नित्याचा वेष साधा व अंगाबरोबर बसणारा असतो, कारण गुडघा नि पाठ सरळ आहे की नाही, हे गुरूस दिसावे लागते.

आणि आमच्याकडे? टिकल्यांनी जड झालेला, दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा आदल्या दिवशी येतो; मूल नाचावयाचे सोडून कमरेची नाडी सावरते. याहून दुःखाची गोष्ट अशी, की भाडे परवडत नाही म्हणून एखादे गुणी मूल आपण होऊनच नाव मागे घेते. ते कारण सांगत नाही, आणि आपण विचारीत नाही.

यास उपाय आहे. सर्वांस एकसारखा साधा सुती वेष असावा. पात्राचा भेद उपरण्याने, मुकुटाने वा रंगीत पट्ट्याने दाखवावा. घरातील जुनी लुगडी व मच्छरदाणीची जाळी यांतून पुष्कळ निर्माण होते. शिवणाचे काम मुलामुलींनी मिळून करावे. वेष आठ दिवस आधी तयार करून, तो घालून हात उंचावून, खाली बसून व उडी मारून पाहावी. जो वेष यात अडतो, तो कितीही सुंदर असला तरी टाकाऊ समजावा.

पालकहो, रानफुलांपुढे शलमोनाचेही वैभव फिके, असे आपण शुभवर्तमानात वाचतो. त्या फुलांचा साज भाड्याचा नसतो. आपली मुलेही तशीच रंगमंचावर उभी राहोत, आणि पैशावाचून एकही मूल पडद्याआड न राहो, एवढीच आमची इच्छा.