नीरेकाठचे जुने दप्तर

पृथ्वीच्या पूर्वकालीन हवामानाचा शोध म्हटला की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे दक्षिण ध्रुवाकडील बर्फ उभे राहते. आणि हे काम थोरामोठ्यांचे, आपले नव्हे, असे ठरवून ते परीक्षेच्या पुस्तकाकडे वळतात. हा समज आम्हांस मान्य नाही.

बर्फाची थोरवी कोण नाकारील? वर्षानुवर्षे पडणारे हिम थरावर थर साचून दबते व त्यात त्या त्या काळच्या हवेचे सूक्ष्म बुडबुडे कोंडून राहतात. अंटार्क्टिक खंडावर तीन किलोमीटरांहून अधिक खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या कांड्यांतून सुमारे ८ लक्ष वर्षांची हकीकत वाचता आली आहे. गोव्यात वास्को येथील ध्रुवीय संशोधन केंद्रातही अशा कांड्या कडक थंडीत जपून अभ्यासिल्या जातात. परंतु माळेगावच्या मुलास बर्फ ठाऊक तो जत्रेतल्या गोळ्याचा! त्याच्या वाट्यास नीरा आली आहे, आणि तीही काही कमी बोलकी नाही.

नीरा, कऱ्हा, भीमा यांच्या काठच्या गाळाच्या उंच दरडी सर्वांनीच पाहिल्या असतील. नदी तर खाली वाहते. मग एवढा गाळ वर कोणी आणून टाकिला? अभ्यासक सांगतात की, शेवटच्या हिमयुगात आपला पावसाळा मंदावला, तेव्हा दख्खनच्या नद्यांना गाळ पुढे वाहून नेण्याचे बळ उरले नाही व तो जागीच साचला. पुढे सुमारे १० हजार वर्षांपूर्वी पाऊस पुन्हा बळावला आणि त्याच नद्यांनी तो गाळ कापून आपले पात्र खोल केले. म्हणजे ध्रुवाकडील बर्फाची वाढघट आमच्या दरडींतही उमटली आहे!

मोरगावास आपण गणपतीच्या दर्शनास जातो. तेथे कऱ्हेकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्या परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत. राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानितात; पण ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची की त्याहून कितीतरी जुन्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पाठ करावयास तयार उत्तर नाही, म्हणूनच हा विषय विद्यार्थ्यांचा, असे आम्ही म्हणतो.

शिरूर तालुक्यातील इनामगावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. घोडनदीकाठच्या त्या प्राचीन शेतकऱ्यांनी पाणी वळविण्यास पाटही खोदिला होता. तरी पुढे चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि इ. स. पूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. पर्जन्य घटले, हे त्याचे कारण उत्खननकर्त्यांनी दिले. डाव्या कालव्यावर ऊस पिकविणाऱ्या आम्हांस हे वाचून थोडे अस्वस्थ वाटावयास हवे. कालव्याचे पाणी धरणाचे, आणि धरणाचे पाणी पावसाचेच ना?

इकडे वाळूसाठी व मातीसाठी काठ उकरले जात आहेत. बर्फ वितळते, तशी ही पानेही नाहीशी होतात. एकदा उपसलेला थर पुन्हा साचत नाही. पालकांस विनंती एवढीच की, पूर ओसरल्यावर शिक्षकांसमवेत मुले दरड मोजावयास निघाली तर त्यांस अडवू नये. थरांचे रेखाचित्र, शाळेच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद, घरच्या विहिरीची दरमहा पातळी, १९७२ च्या दुष्काळाविषयी आजोबांनी सांगितलेली हकीकत: यांपैकी जे जमेल ते पुढील अंकासाठी पाठवावे. जागा अपुरी पडल्यास संपादकांनी आमचा लेख खुशाल वगळावा.