आधी जुनी थकबाकी भरा

सारोळ्यात नीरेकाठी आमचं वावर आहे. २०२५च्या मे महिन्यातच पाऊस असा कोसळला की नांगरट अर्धवट राहिली. पुढे वाफसाच येईना. ढेकूळ हातात धरलं तर चिखल बोटांतून गळायचा.

अशा वेळी परदेशातून सल्ला येतो : हवामान बदल रोखायला भारतानं कोळसा कमी जाळावा. जाळावाच कमी. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं टिकतो, आणि कोळसा-तेल जाळून आजवर साठलेल्या या वायूत एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे चतुर्थांश आहे. आजही तिथला माणूस वर्षाला हा वायू साधारण १४ टन सोडतो, आपल्याकडचा २ टन. जबाबदारी सामाईक पण भार वेगवेगळा, हे १९९२ला रिओतल्या पृथ्वी परिषदेत सर्वांनी मान्य केलं होतं. गरीब देशांना २०२०पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करून देण्याचा शब्द २००९ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दिला गेला. तो पुरा व्हायला २०२२ उजाडलं, त्यातही मोठा भाग कर्जाऊ! नुकसान आमचं आणि वर व्याजही आम्हीच भरायचं, हे मला साफ नामंजूर आहे.

महामार्गाच्या पुलावरून नीरेत पडणारं प्लास्टिक मात्र आपलंच. ते आपणच थांबवायचं. पण कार्बनच्या थकबाकीपोटी दिल्लीनं पुढच्या हवामान परिषदेत कर्ज मागू नये, भरपाई मागावी.